हंगाम नसताना

फलकावर छापलंय ‘बेस्टबॉल’.
शिवलीला खडू शोधत होती दुरुस्तीला,
मेहजबीन म्हणाली, रहने दे गे,
चांगलंच तर लिहिलंय.

विडी घरकुलातलं समाजमंदिर,
मंडपवाल्याच्या तीन खुर्च्या,
समोर टेबलावर मांडलेले
एक चेंडू, एक ग्लोव्ह, माझा कॅचरचा मुखवटा.
हंगाम संपून दोन महिने झालेत.
मेहजबीन टॉवेलच्या कारखान्यात पेट्या भरते,
शिवलीला होटगी रोडच्या जिममध्ये पावत्या फाडते,
मी घरी असते. म्हणजे आईच्या सुपापाशी.

चाहते येतील, म्हणाला होता मंडळाचा अंबादास.
आले एकतीस.
त्यातले काही भज्यांच्या वासाला.

एका पोरानं आल्या आल्या मुखवटा चढवला
आणि आतूनच विचारलं, सिक्सर किती मारले?
ह्यात सिक्सर नसतो रे.
मग काय असतं?
घर असतं, मेहजबीन म्हणाली,
घरातून निघायचं, तीन ठेसनं करून घरीच यायचं.
मधी कुणी चेंडूनं शिवलं, की बाद.
पोरगं जाळीतून बघत राहिलं.
एवढ्यासाठी तुम्ही जालंधरला गेलता?

सातवीतल्या एका पोरीनं
वहीऐवजी हाताचं प्लास्टर पुढं केलं.
कुठं पडलीस?
पळताना.
आउट?
नाही. सेफ.
तिघींनी सह्या केल्या, मी जरा मोठी केली.

मग राजव्वा आली,
कारखान्यात विड्या देऊन परत चाललेली,
खांद्याला पानांची पिशवी, पाणी मारलेली, ओली.
सही नको होती तिला.
चेंडू उचलून तिनं लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला,
चेकर फिरवतो तसा,
सावकाश, एक पूर्ण फेरी.
छाट निघत नाही ह्यात, म्हणाली.
हातकाम आहे.
कुणी शिवला?

मी सहा वर्षं तळव्यावर झेललाय तो दोरा.
अंधारात दिला तरी सांगेन
चेंडू नवा की तीन सामने खाल्लेला,
कुठल्या बोटाखाली शिवण आली की तो कसा वळेल.
कुणी शिवला, माहीत नाही, अव्वा.
बाई असंल.
असेल.
एका चेंडूला किती देतात?

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं, मी मेहजबीनकडं.
भजी तळल्याचा आवाज तेवढा.
आमच्या घरात हजारी मजुरी
पाढ्यासारखी पाठ आहे सगळ्यांना,
धाकट्यालासुद्धा.
आणि हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

राजव्वानं माझा हात ओढून घेतला,
वाकडी अनामिका दाबून बघितली.
चेंडू लागला?
नागपूरला. दुसऱ्या दिवशी खेळले पण.
सुट्टी दिली नाहीत?
मीच घेतली नाही.
ती हसली. विड्यांचं तोंड दुमडून दुमडून
चपटं झालेलं तिचं नख
माझ्या बोटाशेजारी तसंच राहिलं थोडा वेळ.
मग म्हणाली, टाक बघू बिड्डा, एकदा.

मी हळूच टाकला, खालून,
लहान मुलाला टाकतात तसा.
तिनं पदर पसरून झेलला,
गाठ मारली,
आणि दारात चपला शोधायला लागली.
अंबादास उठला, मी त्याचा शर्ट धरला.

चेंडू असोसिएशनच्या रजिस्टरात माझ्या नावावर आहे.
दोनच आहेत आमच्याकडं.
हरवला असं लिहू?
फाटला?
शिवलीला खुर्च्या एकात एक घालत म्हणाली,
घरी पोचला, लिही. एक रन.

फलक गुंडाळला. भजी संपली.
मुखवटा मात्र त्या पोरानं अजून काढलेला नाही.
पायरीवर बसलाय, जाळीतून
रस्त्यावरची प्रत्येक रिक्षा
अडवायच्या तयारीत.